कोळशावरची वीज सोडायची आहे, पण वळायचं कोणत्या पर्यायाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निवासी शिक्षणसंस्था आहे, वीज येते ती मुख्यतः कोळशावरची, आणि ती गेली की डिझेलचं जनित्र सुरू होतं. येत्या वर्षभरात हे दोन्ही जमेल तितकं कमी करायचं आहे. इमारतींना सपाट छतं आहेत, मागे मोठं मोकळं माळरान आहे, कडेने ओढा वाहतो. पण समितीच्या बैठकीत सौर म्हटलं की कोणी कचऱ्याचा मुद्दा काढतं, पवनचक्की म्हटलं की पक्ष्यांचा, ओढ्यावर जलविद्युत म्हटलं की माशांचा आणि बॅटरी म्हटलं की खाणींचा. तीन बैठका झाल्या तरी निर्णय नाही, म्हणून सगळ्यात स्वच्छ पर्याय कोणता ते एकदाचं सांगा, असं तुम्ही लिहिलं आहे.

मी २२ वर्षं ऊर्जा प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन करते आहे. तुमच्या समितीत जे चाललंय तेच मी खूप मोठ्या प्रकल्पांच्या सुनावण्यांतही पाहिलं आहे. तिथे मांडला जाणारा जवळजवळ प्रत्येक मुद्दा खरा असतो, म्हणून कोणीच मागे हटत नाही. माझ्या मते गाडी दोन ठिकाणी अडते. सगळे पर्याय एकमेकांशी ताडून पाहिले जातात, पण आज आपण जे वापरतोय त्याचा रकाना त्या तक्त्यात नसतोच. आणि कचरा, पक्षी, मासे, खाणी ही सगळी नुकसानं एकाच मापात मोजून बेरीज करता येईल असं कुठेतरी गृहीत धरलेलं असतं. ती बेरीज होत नाही. त्यामुळे ‘सगळ्यात स्वच्छ’ असं एक नाव मी देणार नाही. तुमच्या जागेवर कुठल्या पर्यायाचं नुकसान सगळ्यात कमी करता येईल, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं.

आधी आजचा रकाना भरू. खाणीतून कच्चा माल काढण्यापासून ते प्रकल्प भंगारात जाईपर्यंतचा सगळा हिशेब धरून एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, याचे मध्यक, म्हणजे अनेक अंदाज क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे आकडे, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालात आहेत. कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९०, छतावरचं सौर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. सौरचा आकडा त्यानंतर आणखी खाली आला आहे, कारण पॅनेल बनवायला आता वीज आणि सिलिकॉन दोन्ही कमी लागतात. तुमच्या जनित्राचं म्हणाल तर एका युनिटला पाव ते एक तृतीयांश लिटर डिझेल जळतं, म्हणजे नुसत्या जळण्यातून पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

हे आकडे बैठकीत ठेवले की कोणीतरी हमखास म्हणतं, मग पवनऊर्जा सौरपेक्षा चौपट स्वच्छ झाली की! इथे थांबून नीट पाहा. सौर आणि पवन यांच्यातला फरक ३० ग्रॅमचा आहे. कोळसा सोडून यांपैकी कशाकडेही वळलात तरी वाचणार आहेत पावणेआठशेच्या पुढे. म्हणून मी कार्बनचा आकडा फक्त एका कामासाठी वापरते: जुनं सोडायचं की नाही हे ठरवण्यासाठी. स्वच्छ पर्यायांमधून निवड करताना तो बाजूला ठेवते आणि जमीन, पाणी, जीव, माणसं यांच्याकडे बघते. याला दोन अपवाद आहेत, जलाशय आणि लाकूड. त्यांच्याकडे पुढे येते.

सौरच्या कचऱ्याचा मुद्दा कोणी काढला असेल तर त्याला गप्प करू नका, त्याच्यासमोर हिशेब मांडा. समजा तुम्ही छतांवर १०० किलोवॉट बसवलेत. ४०० वॉटचं एक पॅनेल साधारण २१ किलोचं असतं, म्हणजे २५० पॅनेल, सव्वापाच टन. वजनात त्यातला मोठा भाग काच असतो, त्याखालोखाल ॲल्युमिनियमची चौकट, मग प्लास्टिकचे थर, सिलिकॉन, तांबं, थोडीशी चांदी आणि डागकामातलं शिसं. हे २५ वर्षांनी एकदा निघणार. बऱ्यापैकी ऊन असलेल्या ठिकाणी एवढी यंत्रणा वर्षाला सव्वा ते दीड लाख युनिट देते. तेवढ्याच विजेला कोळसा लागतो वर्षाला ७० ते ८० टन, २५ वर्षांत साडेसतराशे ते दोन हजार टन. त्यात राखेचं प्रमाण १० टक्के धरलं, आणि हे चांगल्या कोळशाचं झालं, तरी १७० टनांवर राख उरते. तिच्यात पारा, आर्सेनिक, शिसं यांचे अंश असतात. ती कुठेतरी साचवली जाते, तुमच्या नजरेआड, दुसऱ्या कोणाच्या तरी गावाशेजारी.

एवढं सांगूनही सव्वापाच टन कचरा हा कचराच आहे, आणि तो कोणाच्या हातात जातो यावर सगळं ठरतं. भंगारवाल्याच्या हाती पडला तर तो ॲल्युमिनियमची चौकट सोडवतो, तांब्याच्या तारा काढतो आणि उरलेलं फोडून टाकतो किंवा जाळतो. युरोपीय संघाने २०१२ मध्येच पॅनेल इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या कायद्याखाली आणून ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. तुमच्याकडे कायदा काहीही असो, खरेदीच्या करारात परत घेण्याचं कलम घाला आणि तेही लेखी. आजच्या घडीला पुरवठादाराला ते फार जड जात नाही. २५ वर्षांनी मागायला गेलात तर कोणी दारात उभं करणार नाही.

पॅनेल कुठे बनतात हाही योग्य प्रश्न आहे. पॉलिसिलिकॉन, म्हणजे पॅनेलमधलं अतिशुद्ध सिलिकॉन, तयार करायला हजार अंशांच्या वर तापमान लागतं, जगातलं बहुतेक उत्पादन चीनमध्ये होतं आणि त्यातली बरीच वीज कोळशाची असते. ती धरूनही पॅनेल स्वतःवर खर्च झालेली ऊर्जा साधारण एक ते दीड वर्षात परत देतं. पुढची वीस-बावीस वर्षं निव्वळ जमेची.

आता माळरानाबद्दल. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या समितीत कोणीही त्याचा मुद्दा काढलेला दिसत नाही. छतं अपुरी पडली तर ‘मागची जागा तशीही रिकामीच आहे’ हे वाक्य पुढे येईल. मी स्वतः या वाक्याला एकदा फसले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सौर प्रकल्पासाठी जमीन पाहायची होती. कागदावर ती ‘पडीक’ होती, नकाशात तपकिरी ठिगळ. मी कोरड्या महिन्यात गेले, वाळलेलं गवत आणि खडे पाहिले आणि अहवालात हरकत घेतली नाही. पाऊस पडून गेल्यावर काही कामासाठी पुन्हा तिथे जाणं झालं. कुंपणाचे खांब रोवायला सुरुवात झाली होती. दोन खांबांच्या मधोमध टिटवीची चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपकेदार. पक्षी ओरडत अंगावर आला नसता तर माझा पाय त्यांच्यावर पडला असता. गवतात चंडोल होते, एका बाजूने मेंढरं चरत होती, आणि मेंढपाळाने विचारलं, आता आम्ही कुठून जायचं? त्या प्रश्नाला माझ्या अहवालात जागाच नव्हती. तेव्हापासून मी कुठलीही जमीन एका ऋतूत पाहून मत देत नाही.

गवताळ माळ झाडं नाहीत म्हणून ओसाड वाटतो. पण त्याचा कार्बन जमिनीखाली मुळांमध्ये आणि मातीत साठलेला असतो आणि जमीन सपाट करताना आपण नेमका तोच उघडा करतो. जमिनीवरच्या सौर प्रकल्पाला एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी छतं, मग वाहनतळावरचं छप्पर, मग आधीच बिघडलेली जमीन, म्हणजे जुनी खाण, भराव, बंद पडलेलं आवार. जिवंत माळ सगळ्यात शेवटी, आणि घ्यावाच लागला तर सपाटीकरण न करता, पॅनेल उंचावर बसवून, खाली गवत आणि चराई चालू ठेवून.

पवनचक्क्यांकडे वळते. पक्षी मरतात का? मरतात. मी त्यांची मोजणी केली आहे. पहाटे, कावळे यायच्या आत, चक्कीच्या बुंध्यापासून ठरावीक अंतरावर समांतर रेषा आखून चालायचं, नजर जमिनीवर. आदल्या संध्याकाळी एक सहकारी शोधणाऱ्यांना न सांगता त्याच भागात काही मेलेले उंदीर ठेवून येतो. त्यातले किती आम्हाला दिसले आणि किती रात्रीत कोल्ह्या-कुत्र्यांनी नेले यावरून मूळ आकडा किती मोठा असेल याचा अंदाज बांधतात. म्हणून ‘आम्हाला तर एकही मेलेला पक्षी दिसला नाही’ असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, की शोधलं कसं? एकदा रुंद पानाखाली एक वटवाघूळ सापडलं होतं, तळहातावर मावेल एवढं, पंख मिटलेले, वरून झोपल्यासारखं. पक्ष्यांची चर्चा सगळे करतात. काही ठिकाणी वटवाघळांचं नुकसान त्याहून मोठं असतं, आणि त्यांच्या बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं.

‘मांजरं आणि काचेच्या इमारती याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात’ हा युक्तिवाद आकड्यात बरोबर आहे, तरी मला तो पटत नाही. मांजर सोनेरी गरुड मारत नाही. गरुडाला वयात यायलाच चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे थोडे मेले तरी त्यांची संख्या भरून येत नाही. कॅलिफोर्नियातली आल्टामाँट खिंड यासाठीच बदनाम झाली. तिथे १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांच्या वाटेवरच हजारो छोट्या चक्क्या उभ्या राहिल्या. पुढे त्या काढून त्यांच्या जागी थोड्या आणि मोठ्या बसवल्या गेल्या. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवून पाहिलं, तर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. चार चक्क्यांचा प्रयोग लहान आहे हे खरं, पण दिशा आशादायक आहे. वटवाघळांचा उपाय याहून सोपा आहे. ती मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात आणि मंद वाऱ्यात वीजही थोडीच मिळते. त्या ठरावीक रात्री चक्की जरा जास्त वाऱ्यावर सुरू होईल अशी लावली की मृत्यू साधारण निम्म्यावर येतात आणि उत्पादनात नगण्य घट होते.

कोळशाच्या बाबतीत मला असा उपाय दाखवता येत नाही. धूर गाळता येतो, राख नीट साठवता येते, पण जाळल्यावर जे हवेत जातं ते जाळण्याचाच भाग आहे. पवनचक्कीचं नुकसान जागेवर आणि चालवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं, म्हणून ते टाळण्यासाठी भांडण्यात अर्थ आहे. हाच फरक तुमच्या समितीला नीट कळावा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या आवारापुरतं मात्र पवनचक्कीचं उत्तर बहुधा ‘नको’ असंच येईल आणि त्याचं कारण पक्षी नाहीत. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते. इमारती आणि झाडं यांच्यामध्ये वारा मंदावतो आणि भोवरे घेतो. वर्षभर खांबावर वाऱ्याचा वेग मोजल्याशिवाय छोटी चक्की घेऊ नका. विक्रेत्याच्या पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा अशा वाऱ्याचा असतो, जो तुमच्या आवारात क्वचितच वाहील.

आणखी एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे तारा. राजस्थानातल्या माळढोकाचं उदाहरण घ्या. रानात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेला हा जड पक्षी, त्याची समोरची नजर कमजोर, वेळेवर वळता येत नाही. सौर आणि पवन प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या उघड्या तारांना धडकून तो मरतो. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये त्यावर आदेशही निघाला. छतावरच्या विजेला नवी वाहिनी लागत नाही, हा तिचा न बोलला जाणारा मोठा गुण.

आता ओढा. जलविद्युतचा मध्यक २४ ग्रॅम असला तरी त्याच अहवालातला पल्ला १ पासून २२०० पर्यंत जातो. असं दुसऱ्या कुठल्याच पर्यायाचं नाही. ब्राझीलमधल्या बालबिना धरणाने ॲमेझॉनच्या जंगलात सुमारे २,४०० चौरस किलोमीटर पाण्याखाली घातले आणि स्थापित क्षमता मिळाली २५० मेगावॉट. उथळ पाण्यात जंगल कुजतं, तळाशी प्राणवायू नसतो, मिथेन तयार होतो. अशा जलाशयाच्या काठच्या गाळात काठी खुपसलीत तर भोकातून बुडबुड्यांची माळ वर येते, तोच हा वायू. चीनमधल्या थ्री गॉर्जेसचा जलाशय याच्या निम्म्याहून लहान, सुमारे १,१०० चौरस किलोमीटर, आणि क्षमता २२,५०० मेगावॉट. कार्बनच्या हिशेबात दोघांची तुलनाच नको. पण थ्री गॉर्जेससाठी बारा लाखांहून अधिक माणसांना घर सोडावं लागलं. बेरीज होत नाही असं मी वर म्हटलं ते यासाठी. बुडालेलं जंगल आणि उठलेलं गाव यांचं एकच माप कुठून आणणार?

तुमच्या ओढ्यावर धरण बांधायचं नसणार, तेव्हा हे सगळं तिथे लागू नाही. साधा हिशेब करा. सेकंदाला १०० लिटर पाणी आणि १० मीटर उतार मिळाला तर यंत्रातली गळती धरून सहा-साडेसहा किलोवॉट मिळतात. ते दिवसरात्र मिळतात हे खरंच मोलाचं आहे. पण ज्या तुकड्यातून तुम्ही पाणी नळीत वळवाल तो कोरडा पडतो, आणि मासे व किडे तिथेच असतात. माझा आग्रह असा की ओढ्यात कायम किती पाणी सोडायचं हे आधी ठरवावं आणि उरलेल्यावर यंत्र बसतं का ते पाहावं. बहुतेक लहान ओढ्यांवर बसत नाही.

बाकीचे पर्याय तुमच्या हातातले नाहीत, म्हणून झटकन. अणुऊर्जेला जमीन आणि कार्बन दोन्ही फार कमी लागतं. तिचं ओझं किरणोत्सारी कचऱ्याचं आणि दुर्मीळ पण मोठ्या अपघाताचं आहे. फिनलंडने त्या कचऱ्यासाठी ऑन्कालो इथे ४०० मीटरहून खोल खडकात कायमची जागा खोदली आहे, म्हणजे मार्ग आहे, पण तो निर्णय देशाने घ्यायचा असतो. लाकूड जाळून वीज करण्याला स्वच्छ म्हणायला मी तयार नाही. तोडलेलं झाड पुन्हा तेवढं होईपर्यंत दशकं जातात आणि धूर आजच निघतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस ही मात्र वेगळी गोष्ट, तो जरूर करा.

बॅटरीबद्दल ज्याने खाणींचा प्रश्न विचारला त्याचं ऐका, आणि त्याचा उपयोग बॅटरी लहान ठेवण्यासाठी करा. कोबाल्टचा बहुतांश पुरवठा काँगोमधून येतो आणि तिथल्या हाताने खोदायच्या खाणींत मुलंही राबतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल दोन्ही नसतात, ती वजनाला थोडी जास्त असते, पण एका जागी ठेवायच्या बॅटरीला वजनाचं काय! जनित्र बंद करता येईल एवढ्याच भाराची बॅटरी घ्या: दिवे, पंप, फ्रीज, संगणक. पाणी तापवणं आणि पंप चालवणं भर दुपारी हलवलंत तर रात्रीसाठी साठवायची वीज बरीच कमी होते, आणि न घेतलेल्या बॅटरीला खाण लागत नाही.

आता ज्या गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही त्या. तुमची ग्रिडमधली वीज खरंच बहुतांश कोळशाची आहे ना, हे वितरकाकडून पक्कं करून घ्या. नॉर्वेसारख्या ठिकाणी, जिथे सुमारे ९० टक्के वीज जलविद्युतची असते, छतावर सौर लावून वाचणारा कार्बन अगदी थोडा आणि मग वरचा सगळा हिशेब बदलतो. छतं भार पेलतील का, दुपारी सावली कुठे पडते, तुमचा वापर दिवसाचा की रात्रीचा, यावरही बरंच ठरेल. निवासी संस्था आहे म्हणून रात्रीचा वापर मोठा असेल असं मी धरलं आहे.

तुमच्या जागी मी असते तर आधी वापर कमी करायला घेतला असता. जुने दिवे, पंप, पाणी तापवायचे रॉड बदलले की बसवायची यंत्रणाच लहान होते आणि त्यात कोणाचा जीव जात नाही. मग सगळ्या छतांवर सौर, परत घेण्याच्या कलमासह. जनित्राच्या जागी छोटी कोबाल्टविरहित बॅटरी. एवढ्याने गरज भागत नसेल तर बाहेरच्या प्रकल्पाकडून पवनऊर्जा विकत घेता येते का ते पाहा आणि तिथे पक्ष्यांची, वटवाघळांची मोजणी कशी करतात हे विचारा. प्रत्येक टप्प्यावर मी एक गोष्ट तपासते: चूक निघाली तर परत फिरता येईल का? छतावरचं पॅनेल उतरवता येतं. सपाट केलेला माळ माझ्या हयातीत पूर्ववत झालेला मी पाहिलेला नाही.

पुढच्या बैठकीआधी गेल्या १२ महिन्यांची बिलं आणि जनित्राच्या डिझेलच्या नोंदी एका कागदावर काढा. माळावर दोनदा फिरा, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर, पक्षी ओळखणारं कोणीतरी आणि तिथे गुरं चारणारं कोणीतरी सोबत घेऊन. आणि ओढा मोजणार असाल तर तो सगळ्यात आटलेला असतो त्या महिन्यात मोजा.